खर्ज तुटला तेव्हा

मी मागे वळून पाहिलं. झालं ते एवढंच. भूप राग सुरू होता, विलंबित एकतालाचं चौथं की पाचवं आवर्तन असेल. षड्जाभोवतीचं काम आटोपून मी गांधारावर नुकती स्थिरावत होते. तेवढ्यात उजव्या खांद्यामागच्या तंबोऱ्यातून ‘ठप्’ असा कोरडा आवाज आला. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. मान आपोआप वळली. दोन सेकंदही गेले नसतील. मग मी पुन्हा समोर पाहिलं, षड्ज घेतला, मुखडा धरला, समेवर आले आणि पुढे जवळजवळ तासभर गायले. कार्यक्रम संपल्यावर चार जणांनी येऊन ‘छान सांभाळलंत हं’ असं म्हटलं. एकांना तर तार तुटल्याचं कळलंच नव्हतं. मी हात जोडले, हसले. पण त्या दोन सेकंदांत मला तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीचा चेहरा दिसला होता. सतरा वर्षांची, माझ्यामागे रंगमंचावर बसायची तिची पहिलीच वेळ. तिचा उजवा हात तारांवर तसाच थिजलेला होता, आणि डोळे माझ्यावर होते. बाकी सगळं विसरले तरी ते डोळे विसरता येईनात.

तंबोऱ्याच्या चार तारांत खर्जाची तार वेगळी. पंचमाची आणि षड्जाच्या जोडीच्या दोन तारा पोलादी, हा एकटा पितळेचा, जाडसर, सगळ्यात खाली लागणारा षड्ज. तो तुटतोही वेगळ्या आवाजात. जोडीची तार तुटली की टणत्कार होतो, सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही दचकायला होतं. खर्ज तुटताना नुसता धप्पकन बसतो. पण जातो तेव्हा एकटा जात नाही. जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरची बैठक, नीट लागलेली असली की खर्जाच्या गुंजनातून गांधार ऐकू येतो, आपण स्वयंभू गांधार म्हणतो तो. कुणी न छेडलेला, कुठल्याही तारेवर न लावलेला. सी. व्ही. रामन यांना तंबोऱ्याच्या घोडीनं भुरळ घातली ती याच कारणानं. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या उपस्वरांची स्थिर गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, पडते ते उपस्वर उमटू नयेत असा नियम आहे. तंबोऱ्यात ते खुशाल उमटतात, कारण तार त्या रुंद, किंचित उतरत्या घोडीला घासत, टेकत, सुटत कंप पावते. १९२१ च्या सुमारास त्यांनी यावर लिहिलं. मला त्यातलं गणित येत नाही, पण डोळे मिटून तंबोरा ऐकताना त्या घोडीवर चाललेलं ते टेकणं आणि सुटणं मला जवळजवळ दिसतं. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की बंद खोलीची खिडकी उघडावी तसा आवाज खुलतो. भूप गाताना तर त्या गांधाराचा आधार केवढा असतो. आपण तो लावायचा नसतो, तिथे जाऊन फक्त मिसळायचं असतं. मी मिसळत होते, आणि माझ्या उजव्या कानातला गांधार नाहीसा झाला. डावा तंबोरा वाजत होता, तिथे तो होताच. पण माझं शरीर उजवीकडे टेकलेलं होतं.

म्हणून वळले, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

वीसेक वर्षांपूर्वी मी गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर बसले होते. बागेश्री. पहिली तार मध्यमात लावलेली. ख्याल रंगात आला होता आणि माझ्या तर्जनीखाली जोडीतली एक तार तुटली. तुटलेलं टोक उसळून बोटावर बसलं, रक्ताचा बारीक थेंब आला. तार अर्धी खुंटीकडे, अर्धी घोडीकडे, वेटोळं होऊन तबलीवर पडली आणि बाकीच्या तारा वाजल्या की त्या वेटोळ्याचा थरथर आवाज येऊ लागला. मी ते वेटोळं मनगटाखाली दाबून धरलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे काय करायचं तेही शिकवलं नव्हतं. मध्यम, षड्ज, आणि मग एक खड्डा, मग खर्ज. त्या खड्ड्याशी दर वेळी माझा हात अडखळायला लागला. मग मी उरलेली जोडीची तार दोनदा छेडायला सुरुवात केली. त्यातही एक अडचण होती. एका तारेचा ताण गेला की दांडी किंचित सैलावते आणि उरलेल्या तारा केसभर चढतात. दुसऱ्या तंबोऱ्याशी माझा षड्ज जुळेना. मनगटाखाली तुटकी तार, बोटावर रक्त, आणि डाव्या हाताने मी खाली सूर बारीक जुळवायचा मणी चाचपत होते.

या सगळ्या वेळात मी गुरुजींच्या पाठीकडे बघत होते. पांढरा सदरा, खांद्यावर शालीची घडी, मानेवर दिव्यांच्या उष्णतेनं आलेला घाम. ती पाठ वळेल याची मला भीती वाटत होती, आणि ती वळावी असंही वाटत होतं. निदान कुणीतरी मला बघावं, मी काय करायचं ते डोळ्यांनी सांगावं. तबलजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर डग्ग्यावर उतरवली. ठेका होता तसाच, एक मात्राही इकडेतिकडे नाही. हार्मोनियमवाल्या काकांनी काही न बोलता षड्जाची पट्टी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवायला सुरुवात केली. गुरुजी गात राहिले. पाठ हलली नाही. तेव्हा मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. ते इतके आत गेलेत की बाहेर काय तुटलं याचा त्यांना पत्ता नाही. मोठ्या कलाकाराची समाधी म्हणतात ती हीच, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले.

त्या मैफलीची कॅसेट माझ्याकडे होती. मागे कधीतरी ती संगणकावर उतरवून घेतली आणि फार वर्षांनी नीट ऐकली. तार तुटल्याचा आवाज त्यात स्पष्ट आहे. त्याच्या आधीच्या आवर्तनात गुरुजी तार षड्जाकडे निघालेले आहेत, अंतरा अगदी उंबऱ्यावर आहे. टणत्कार होतो. पुढच्या क्षणी ते अंतऱ्याकडे जात नाहीत. खाली मध्य षड्जावर येतात आणि तिथे थांबतात. लांब, भरलेला, आकारातला षड्ज. मग एक छोटी फिरत, पुन्हा षड्ज. मंद्र निषादाला हात लावून पुन्हा षड्ज. असं दोन आवर्तनं. त्या लयीत एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास होतं, म्हणजे दीड मिनिट ते षड्जापाशी राहिले आहेत. माझ्या तंबोऱ्यातून जो गेला होता, तो स्वर ते स्वतः लावत होते. आणि मला वेळ देत होते. मागे माझ्या तारा लटपटतात, मग सावरतात, मग एकदाचा मणी जागेवर येतो आणि षड्ज जुळतो, हे सगळं त्या फितीत ऐकू येतं. तो जुळल्यावरच गुरुजी अंतरा घेतात.

त्यांना सगळं कळलं होतं.

हे ऐकलं तेव्हा गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली होती. विचारायला कुणी उरलं नव्हतं. त्या रात्री पडदा पडल्यावर ते मला काय म्हणाले होते ते मात्र आठवतं. ‘बोटाला लागलं का?’ आणि मग, ‘उद्या लवकर ये. तार लावायला बसू.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तार लावायला शिकवलं. तोवर मी सात वर्षं तंबोरा जुळवत होते, पण तार कधी लावली नव्हती. खाली लंगोटाला, तारा बांधायच्या खालच्या पट्टीला, अडकवायचा फास कसा पिळायचा, पिळाचे वेढे एकावर एक चढले की तिथेच ती पुढे तुटते. मणी आधी ओवून घ्यायचा, विसरलीस तर सगळं उलगडून पुन्हा. घोडीवरून, तारगहनातून, खुंटीपर्यंत. खुंटीवर वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची, नाहीतर घसरते. नवी तार लगेच उतरत राहते, तिला ओढून, बसवून, पुन्हा जुळवून एक रात्र तशीच ठेवायची. कार्यक्रमाच्या दिवशी नवी तार चढवू नये. जुनी तार दोन बोटांत धरून लांबीभर फिरवून बघायची, खरखर लागली की ती गेली असं समज. आणि मग ते म्हणाले, आपली तार काल का तुटली सांग. मला सांगता येईना. दुपारच्या सत्रात तोच तंबोरा दुसऱ्या एका गायकांसाठी काळी दोन पट्टीला चढवला होता, रात्री आमच्यासाठी काळी एकला उतरवला. एक अख्खा स्वर चढवायचा तर तारेवरचा ताण साधारण सव्वापट करावा लागतो. एवढा ताण द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. तार मुकाट्यानं सोसते आणि जिथे वाकलेली असते तिथून जाते. ते हे सांगत असताना त्यांचा अंगठा घोडीच्या कडेवरून फिरत होता, तारेनं पाडलेल्या बारीक चरीवरून. मला वाटतं तो अंगठा मी त्यांच्या गाण्याइतकाच जपून ठेवला आहे.

रंगमंचावर काहीतरी मोडतं ते नेहमीचंच आहे. हवा दमट असली की तबल्याची पुडी उतरते, दिव्यांच्या झोतात चढते. तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. हार्मोनियमचा एखादा सूर अडकून बोलतच राहतो. एकदा मी एका वादकांना नखानं ती पट्टी उचलून, भाता न थांबवता, उरलेलं गाणं पूर्ण करताना पाहिलंय. वीज जाते, ध्वनिक्षेपक मरतो, इलेक्ट्रॉनिक तंबोरा मध्येच गप्प होतो. सतारीचं मात्र अवघड. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार तुटली तर वाजवायचं कशावर? दुसरी सतार मागावी तर तिच्या तरफा, म्हणजे खालच्या अनुनादी तारा, याच रागाला मिळवलेल्या हव्यात, त्या अकरा-तेरा तारा ऐन वेळी कोण जुळवणार? मग कलाकार तिथेच, हजार डोळ्यांसमोर, तार बदलायला बसतो आणि शेजारचा तबलजी तेवढा वेळ आपला तबला मोकळा सोडतो. असा प्रसंग एकदा पाहिला. सतारिये मान खाली घालून पीळ देत होते, आणि तबलजी वाजवत होते ते टाळ्या घेणारं काही नव्हतं, तबल्यातला साधा कायदा, शांतपणे वाढवत नेलेला. लोकांनी सतारीकडे बघू नये म्हणून तो मनुष्य वाजवत होता. त्या संध्याकाळचं बाकी गाणं-बजावणं मी विसरले आहे. तो कायदा आठवतो.

पाश्चात्त्य संगीतातली व्हायोलिनवादक मिदोरीची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. १९८६ च्या जुलैमधली, अमेरिकेत टँगलवुडला. मुलगी चौदा वर्षांची, संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन स्वतःचीच रचना संचालित करत समोर उभे. व्हायोलिनची सगळ्यात वरची तार तुटली. तिनं मागे वळून वाद्यवृंदातल्या मुख्य व्हायोलिनवादकाचं वाद्य घेतलं आणि वाजवत राहिली. त्याचीही तीच तार तुटली. मग त्याच्या शेजारच्या वादकाचं. तिसऱ्या व्हायोलिनवर तिनं रचना पूर्ण केली, आणि दोन दिवसांत ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होती. ते योग्यच होतं. तिच्या सवयीचं वाद्य अंमळ लहान होतं, हाती आलेली दोन्ही मोठी. त्या वयात, त्या क्षणी बोटांना नवी अंतरं सांगायची म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यालाच कळावं. पण अलीकडे मी ती गोष्ट आठवते तेव्हा माझं लक्ष ज्या माणसांनी आपली वाद्यं काढून दिली त्यांच्याकडे जातं. तिथे तसा रिवाजच आहे. एकलवादकाची तार तुटली की पहिल्या बाकावरचा आपलं वाद्य देतो आणि तुटकं वाद्य मागे मागे सरकत जातं. कुणीतरी शेवटी तारेविना बसून राहतो. त्याच्या नावाची बातमी होत नाही, आणि त्या बसण्यातही एक साधना आहे असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे मागे बसणाऱ्याला काय मिळतं? तंबोऱ्यावर बसणं हे शिकण्याचं एक अंग आहे, हे आपण सगळेच मानतो. चारही तारा सारख्या वजनानं, तालाशी नातं न जोडता, दोन-दोन तास छेडत राहणं. पाय बधिर होतात, बोटाची कातडी आधी लाल होते, मग घट्ट होते. श्रोत्यांना दिसतो तो तंबोऱ्याआडचा अर्धा चेहरा. पण गाणाऱ्याचं सगळं उभं असतं त्याच्यावर. मी पहिल्यांदा पुढे बसले तेव्हा मला सगळ्यात नवं वाटलं ते हेच, की आता मला तंबोरा दिसत नाही. तो फक्त पाठीला ऐकू येतो.

माझ्या भूपाचं ध्वनिमुद्रण मी आठवडाभर उघडलं नाही. उघडलं तेव्हा तारेच्या आवाजासाठी कान टवकारून बसले होते, तर तो जेमतेम ऐकू येतो. ऐकू येतो तो माझा श्वास. गांधार मध्येच पातळ होतो, वरच्यावर घेतलेला एक उथळ श्वास आणि मग घाईनं लावलेला षड्ज. दचकलं की श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, प्रत्येक गाणाऱ्याला हे ठाऊक आहे, आणि त्यावर उपायही ठाऊक आहे. आधी आतला श्वास सोडायचा, मग नवा घ्यायचा. मी सोडला नव्हता. त्यानंतर उजवा तंबोरा पूर्ण बंद आहे. एक आवर्तन, दुसरं आवर्तन. मी तर पुढे निघून गेले आहे, चांगली गातेही आहे, ‘छान सांभाळलंत’ त्यातलं. उजवीकडे शांतता. तिसऱ्या आवर्तनाच्या मध्यावर तो तंबोरा पुन्हा सुरू होतो, अगदी हलका, जणू कुणी परवानगीशिवाय आत येतंय. ती घाबरून थांबली, असं मी धरून चालले होते. घाबरली तर होतीच. पण तिच्या जागी मीही घाबरले होते, आणि माझा हात थांबला नव्हता.

त्यानंतरच्या दोन शिकवण्यांना ती आली, नेहमीसारखी पाया पडली, शिकली, गेली. मी तो विषय काढला नाही. काय काढणार, हे ठरत नव्हतं. माफी मागावी तर तिला ओशाळल्यासारखं होईल, समजूत घालावी तर चूक तिची होती असं होईल. तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा मी तंबोरा गवसणीतून काढून सतरंजीवर आडवा ठेवला होता. खर्जाची जागा अजून रिकामी होती. मी तिला शेजारी बसवलं, पितळेच्या तारेचं भेंडोळं तिच्या हातात दिलं आणि विचारलं, त्या दिवशी बोटाला लागलं होतं का?

तिनं तर्जनी पुढे केली. काही नव्हतं, केव्हाच भरून आलं होतं. तरी तिनं दाखवलं, इथे, असं म्हणून.

मग खाली बघत, फास पिळता पिळता, ती सहज म्हणाली, ‘ताई, तुम्ही वळून बघितलंत ना, मला वाटलं थांबायला सांगताय.’

माझा हात तारेवरच राहिला. मी तिला काय सांगितलं ते आता नीट आठवत नाही. नाही गं, असं काहीतरी. तिनं मणी ओवला, घोडीवरून तार नेली, खुंटीवर वेढे घातले. दोन वेढे एकमेकांवर चढले तेव्हा मी काही बोलायच्या आत तिनंच ते उलगडले. तार ताणताना ती ओठ दाताखाली धरते. पितळ नवं होतं, पिवळंधमक, बाकीच्या तारांपुढे उठून दिसणारं. जुळवलं की उतरायचं, पुन्हा जुळवलं की पुन्हा उतरायचं. आज हिला राहू दे, मी म्हटलं. नवी आहे, रात्रभर बसू दे.

आणि मग मी तिला खर्ज सोडून बाकीच्या तीन तारा वाजवायला सांगितल्या. भूपच, त्याच पट्टीत. मी तिच्यापुढे जाऊन, तिच्याकडे पाठ करून बसले. एकच तंबोरा, दुसरा नाही, तबला नाही. पंचम, षड्ज, षड्ज आणि मग चौथी जागा. जोडीची तार तुटली तर दुसरी दोनदा छेडता येते, मी तेच केलं होतं. खर्जाला जोडीदार नाही. तिनं ती जागा कशानंही भरली नाही. बोट जायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ थांबून ती पुन्हा पंचमावर आली. पहिल्या काही फेऱ्यांत हात अडखळला, मग बसला. पाठीला सगळं ऐकू येत होतं, तिनं मध्येच पाय बदलला तेही. मी षड्ज लावला. बराच वेळ तिथेच राहिले. पंचम, षड्ज, षड्ज, आणि ती रिकामी जागा, एकसारखी, न घाबरता येणारी. मग गांधाराकडे निघाले.